ओरेमच्या खाडीपासून मिरामारपर्यंत : तिथी पाहून चालायची पणजीची सपाट वाट

पणजीत चालायला कुठे जावे असे विचारले, की बहुतेक जण मिरामारचा किनारा नाही तर आल्तिनोची टेकडी सांगतात. दोन्ही जागा चांगल्या आहेत, पण किनाऱ्यावरच्या वाळूत गुडघे दुखतात आणि टेकडीवर चढताना दम लागतो. या दोन्हींच्या मधली, जवळजवळ पूर्ण सपाट, फरसबंदी असलेली आणि एका खाडीपासून दुसऱ्या खाडीपर्यंत उद्यानांच्या कडेने जाणारी वाट शहराच्या पोटातच आहे. कदंब बसस्थानकाजवळच्या ओरेमच्या खाडीपासून निघायचे, मळा या वस्तीपर्यंत जाऊन मागे फिरायचे, मग मांडवी नदीच्या कडेने कांपालची उद्याने ओलांडून सांतिनेजच्या खाडीच्या मुखाशी यायचे आणि वाटले तर मिरामारला थांबायचे. मळ्याचा फेरा धरून हे अंतर साधारण पाच ते सहा किलोमीटर भरते. नुसते चालत सुटले तर दीड तास पुरतो; थांबत, पाहत, खाऊन-पिऊन गेले तर तीन तास हाताशी ठेवावेत.

ही वाट अवघड नाही, त्यामुळे तिच्यासाठी शरीराची वेगळी तयारी लागत नाही. तयारी लागते ती वेळेची. येथील दोन्ही खाड्या भरतीच्या आहेत, म्हणजे समुद्राचे पाणी मांडवीतून त्यांच्यात दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. सकाळी सात वाजता जी खाडी काचेसारखी भरलेली दिसते तीच आठवड्याभराने त्याच वेळी काळ्या चिखलाची पन्हळ झालेली असते. अनेक लोक नेमके चुकीच्या दिवशी जातात, चिखलाचा वास घेतात आणि ‘बघण्यासारखे काही नाही’ असे म्हणून परत येतात. म्हणून वाटेच्या आधी वेळेबद्दल सविस्तर लिहितो.

तिथीवरून वेळ कशी काढावी

कोकणात आणि गोव्यात दर्यावर जाणारी जुनी माणसे भरतीची वेळ घड्याळावरून नव्हे, तर तिथीवरून काढत असत. हिशेब अगदी सोपा आहे. त्या दिवशीची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी; जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण चढते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून पहाटे आणि दुपारी तीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी सुकती लागते, म्हणजे पाणी सर्वांत खाली जाते. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, गणित तेच राहते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात आणि त्यामुळे भरती रोज सरासरी 50 मिनिटे उशिरा येते. पाऊणपटीच्या हिशेबात हा उशीर एका तिथीला पंचेचाळीस मिनिटे असा धरलेला आहे.

हा हिशेब ढोबळ आहे. जागेनुसार, वाऱ्यानुसार आणि ऋतूनुसार तो तास-पाऊण तास मागेपुढे होतो, शिवाय दिवसातल्या दोन सुकती सारख्या खोल नसतात. ज्यांना नेमकी वेळ हवी त्यांनी मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा. तो मोबाईलवर सहज मिळतो. पण कालनिर्णय भिंतीवर असताना, पुढच्या रविवारी निघावे की त्याच्या पुढच्या, एवढे ठरवण्यासाठी पाऊणपट पुरते.

आता यावरून दिवस निवडू. खारफुटीची मुळे, चिखलातले खेकडे, चिखलावर सरपटणाऱ्या निवट्या आणि त्यांच्यामागे येणारे पक्षी पाहायचे असतील तर सकाळी सहा ते आठच्या दरम्यान सुकती हवी. असे दिवस म्हणजे दोन्ही पक्षांतील प्रतिपदा आणि द्वितीया. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे हे दिवस उधाणाचे असल्याने पाणी बरेच खाली उतरते आणि चिखलाचा पट्टा रुंद उघडा पडतो. याच्या उलट, पाण्यात पडलेली फोंताइन्हास या खाडीकाठच्या वस्तीतल्या घरांची प्रतिबिंबे हवी असतील, सोबत लहान मुले किंवा वासाला नाक मुरडणारे पाहुणे असतील, तर अष्टमी ते दशमीची सकाळ निवडावी. त्या वेळी भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. खाडी बऱ्यापैकी भरलेली राहते आणि तिचा वास येत नाही. माझा स्वतःचा कल सुकतीकडे आहे. भरलेली खाडी सुंदर दिसते, पण तिच्यात जे काही चालते ते सगळे पाण्याखाली झाकलेले असते.

ऋतूंचे सांगायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. हवा कोरडी असते आणि उत्तरेकडून आलेले स्थलांतरित पक्षी मांडवीच्या खाजणांत, म्हणजे काठच्या सखल खाऱ्या जमिनीत, उतरलेले असतात. जानेवारीच्या अखेरीस पणजीत सूर्य सात वाजल्यानंतर उगवतो, म्हणून थंडीत साडेसहाला निघून चालते; मे महिन्यात मात्र सहाच्या सुमारास उजाडते आणि आठ वाजता घामाच्या धारा लागतात. एप्रिल-मेमध्ये ही वाट साडेआठच्या आत संपवावी किंवा सरळ निम्मी करावी.

पावसाळ्याबद्दल वेगळे सांगावे लागेल. पणजीत वर्षाला जवळपास 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पावसाचे पाणी खाडीत उतरायला भरतीच्या वेळी वाव नसतो, म्हणून मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकत्र आली की मळ्यातले सखल रस्ते आणि 18 जून मार्गासारखे भाग तुंबतात. वरच्या हिशेबाने हे दुपारच्या सुमारास अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास होते. म्हणजे पावसाळ्यात त्या दिवसांत अकरा ते दोन या वेळी खाडीकाठी फिरू नये. एरवी श्रावणातली उघडीप मिळाली तर ही वाट जितकी हिरवी दिसते तितकी वर्षभरात कधी दिसत नाही, फक्त फरशीवरच्या शेवाळाकडे लक्ष असावे. एका श्रावणात छत्री सावरण्याच्या नादात मी खाडीच्या कठड्याशी सपशेल घसरलो होतो. तेव्हापासून पावसात चामड्याच्या गुळगुळीत तळव्याच्या चपला घालून मी इकडे फिरकत नाही.

सोबत काय घ्यावे

फार काही लागत नाही. घट्ट पकड असलेले बूट किंवा सँडल, टोपी, एक लिटर पाणी आणि डासांसाठी मलम एवढे पुरे. खारफुटीजवळ सकाळी आणि संध्याकाळी डास असतातच, त्यामुळे पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घातलेला बरा. दुर्बीण असेल तर जरूर घ्यावी, कारण खाडी अरुंद असल्याने साध्या दुर्बिणीतूनही पक्षी हाताच्या अंतरावर येतात. एक रिकामी कापडी पिशवी घ्यावी. ती परतीच्या वाटेवर पाव घ्यायला उपयोगी पडते.

दिशा सकाळी पूर्वेकडून पश्चिमेकडे ठेवावी, म्हणजे बसस्थानकाजवळच्या पाटोहून मिरामारकडे. त्यामुळे सूर्य कायम पाठीमागे राहतो, नदीवरची चकाकी डोळ्यांत जात नाही आणि समोरच्या गोष्टींवर चांगला उजेड पडतो. संध्याकाळी याच दिशेने चालले तर सूर्य डोळ्यांत येतो, पण शेवटी मिरामारला सूर्यास्त मिळतो. पर्यटकांना तो सौदा परवडतो. रोज चालणाऱ्यांनी सकाळच धरावी, कारण संध्याकाळी मांडवीच्या कडेला कॅसिनोंच्या धक्क्यांपाशी इतकी वर्दळ असते की फुटपाथवरून सरळ चार पावले टाकता येत नाहीत.

पहिला टप्पा : पाटो आणि ओरेमची खाडी

मडगाव, म्हापसा, फोंडा किंवा वास्को, कोठूनही आलात तरी बस तुम्हाला पाटोजवळच्या कदंब बसस्थानकावर सोडते. स्वतःची गाडी असेल तर ती पाटोच्या बाजूलाच लावावी, फोंताइन्हासच्या गल्ल्यांत नेऊ नये. त्या गल्ल्या गाड्यांसाठी बांधलेल्याच नाहीत. पाटो हा पूर्वीचा दलदलीचा, खाजणाचा भाग असून आज तेथे सरकारी कचेऱ्या, बँका आणि कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. 1832 साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात परत येताना पाऊण तास तरी काढावा, असे मी प्रत्येकाला सांगतो आणि फारच थोडे जण ऐकतात.

पाटोच्या बाजूने खारफुटीतून नेलेली एक उंचावरची पायवाट आहे. ती उघडी असेल तर सुरुवात तेथूनच करावी, कारण खारफुटी ओळखायला एवढी सोयीची जागा शहरात दुसरी नाही. पायवाटेवर धावू नये आणि मोठ्याने बोलू नये. पाच मिनिटे एका जागी उभे राहिले की खालच्या चिखलातले खेकडे बिळांतून बाहेर यायला लागतात.

खारफुटी म्हणजे एकच झाड नव्हे. मुळांकडे पाहिले की प्रकार सहज वेगळे करता येतात. खोडापासून आणि फांद्यांपासून कमानीसारखी खाली उतरलेली, कोळ्याच्या पायांसारखी मुळे दिसली तर ते कांदळ. त्याच्या फांद्यांना शेवग्यासारख्या लांब, हिरव्या शेंगा लोंबतात. त्या खरे तर शेंगा नव्हेत, झाडावरच रुजलेली रोपे आहेत. आईच्या अंगावर वाढून ती खाली पडतात आणि सुकती असेल तर तेथेच चिखलात रुततात, भरती असेल तर तरंगत दुसरीकडे जातात. चिखलातून पेन्सिली उभ्या रोवल्यासारखी बारीक मुळे वर आलेली दिसली तर आसपास तिवर आहे. खाऱ्या चिखलात हवा नसते, म्हणून हे झाड श्वासासाठी मुळे वर काढते. तिवराचे पान उन्हाळ्यात जिभेवर टेकवून पाहिले तर खारट लागते. मुळांनी आत आलेले मीठ ते पानांतून बाहेर टाकते. याहून जाड, बुंध्याशी रुंद आणि टोकाला निमुळती अशी श्वसनमुळे असतील तर ती चिपी. तिची फुले रात्री उमलतात आणि वटवाघळे त्यांवर येतात, त्यामुळे सकाळी आपल्याला बहुधा खाली गळलेले केसर तेवढे दिसतात. काठाला गुडघ्याएवढी, काटेरी पानांची, निळसर जांभळ्या फुलांची झुडपे असतात ती मारांडी. चार नावे एकदा डोळ्यांत बसली की पुढची सगळी वाट वेगळी दिसू लागते.

पक्ष्यांपैकी खंड्या सर्वांत आधी दिसतो, किंबहुना आधी ऐकू येतो. चिखलाच्या कडेला मान आखडून बसलेला मातकट पक्षी वंचक. तो उडाला की अचानक पांढराशुभ्र दिसतो आणि नवखा माणूस त्याला दुसराच पक्षी समजतो. शेपटी सतत वरखाली हलवत काठाने पळणारी लहानशी तुतारी ही थंडीतली पाहुणी. वर घिरट्या घालणारी, पांढऱ्या डोक्याची आणि विटकरी अंगाची ती ब्राह्मणी घार. निवटी हा मासा असून तो सुकतीच्या वेळी पाण्याबाहेर चिखलावर उड्या मारतो. तो दाखवला की मुले बाकी सगळे विसरतात.

येथून खाडीवरच्या पादचारी पुलावरून पलीकडे, रुआ द ओरेम या रस्त्यावर यावे. पुलाच्या मध्यावर थांबून पाण्याची दिशा पाहावी. पाणी मांडवीकडे वाहत असेल तर सुकती चालू आहे, मळ्याकडे वाहत असेल तर भरती. निघताना केलेला पाऊणपटीचा हिशेब बरोबर आला की नाही ते येथे कळते.

दुसरा टप्पा : मळ्यापर्यंत आणि परत

रुआ द ओरेमवर खाडी डाव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे चालू लागावे. उजवीकडे फोंताइन्हासची रंगीत घरे, डावीकडे पाणी, आणि फुटपाथ सपाट. रहदारी असल्याने रस्त्यावर उतरू नये, विशेषतः वळणावर. पुढे गेल्यावर खाडी अरुंद होत जाते आणि मळ्याचा भाग लागतो. आल्तिनोच्या पायथ्याशी वसलेला हा भाग, टेकडीच्या उतारावर मारुतीचे देऊळ आणि माघात भरणारी त्याची जत्रा यामुळे गोमंतकीयांना परिचित आहे. देवळाच्या पायऱ्या चढायच्या की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. सपाट वाटेचा नियम पाळायचा तर खालूनच हात जोडावेत.

टेकडीच्या पायथ्याशी फोन्त फेनिक्स हा जुना झरा आहे. फोंताइन्हास हे नाव अशा लहान झऱ्यांवरूनच पडले. सहज ध्यानात येणारी गोष्ट अशी, की टेकडीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी या दोन-तीनशे पावलांत एकमेकांना भेटते, आणि शहराचा हा कोपरा पुराच्या बाबतीत इतका नाजूक का आहे ते तेथे उभे राहिले की नकाशा न पाहता समजते. गोव्यातील खाजण शेतीत हाच प्रश्न जुन्या लोकांनी मानस बांधून सोडवला होता. मानस म्हणजे बांधातले लाकडी दार; भरतीच्या दाबाने ते आपोआप मिटते आणि सुकती लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. शहरात बांध गेले, डांबर आले, पण भरतीचे वेळापत्रक तेच राहिले.

परतताना खाडीकाठ सोडून एक गल्ली आत शिरावे आणि फोंताइन्हासमधून चालावे. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही घरे राहती आहेत. कोणाच्या दाराच्या पायरीवर बसून, खिडकीला टेकून किंवा सोप्यावर चढून फोटो काढू नयेत. पहाटे साडेसहाला तर गल्लीत आवाजही चढवू नये. येथील रहिवासी पर्यटकांच्या त्रासाला कंटाळले आहेत आणि त्यांचे काही चुकत नाही. सान सेबास्तियानच्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, ते उघडे असल्यास, जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीज धर्मन्यायालयाच्या) वाड्यातून आणलेला क्रूस आहे. तेथे पाच मिनिटे थांबून साओ तोमेच्या चौकातून, जुन्या पोस्टाच्या इमारतीवरून, नदीकडे यावे.

खाडी जेथे मांडवीला मिळते तेथे जुना पाटो पूल आहे. पलीकडे पूर्वेला रायबंदरकडे जाणारा पोंत द लिन्यारिस हा 1633-34 मध्ये बांधलेला, तीन किलोमीटरहून लांब बांधरस्ता सुरू होतो. त्याच्या एका बाजूला मिठागरे आणि दुसरीकडे मांडवी, नदीपलीकडे चोडण बेटावरचे सालिम अली पक्षी अभयारण्य, असे सगळे पाहून कोणालाही तिकडे वळावेसे वाटेल. पण त्या रस्त्यावर वाहने भरधाव जातात, म्हणून पायी वळू नये.

तिसरा टप्पा : मांडवीच्या कडेने

येथून दयानंद बांदोडकर मार्ग. हा टप्पा मला सर्वांत कमी आवडतो, कारण डावीकडे सतत रहदारी आणि उजवीकडे कॅसिनोंच्या धक्क्यांचे फलक. सकाळी सातच्या आत गेले तर तो सुसह्य असतो. आदिलशहाचा राजवाडा, म्हणजे जुने सचिवालय, नदीकडे तोंड करून उभे आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉय 1759 मध्ये जुन्या गोव्याहून येथे राहायला आले आणि पुढे 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. बाजूलाच आबे फारियांचा पुतळा आहे. कांदोळीत 1756 मध्ये जन्मलेल्या आणि संमोहनशास्त्रात नाव मिळवलेल्या या गोमंतकीयाचा हा पुतळा मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला आणि तो 1945 मध्ये उभारला गेला. मुले हात पसरलेल्या त्या आकृतीला घाबरतात, मोठी माणसे तिच्याबरोबर फोटो काढतात.

नदीकाठ थोडा सोडून चर्चच्या चौकातील गार्सिया द ओर्ता उद्यानात शिरावे. ही या वाटेवरची पहिली खरी बाग. सावली दाट, बाके पुरेशी, मधोमध वाद्यवृंदासाठी बांधलेला जुना मंडप. ज्यांच्या नावाने ही बाग आहे त्या वैद्याने भारतातल्या औषधी वनस्पतींवरचे आपले संवादरूप पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापले, ही गोष्ट बागेतल्या झाडांकडे पाहताना आठवावी. वाटेचा निम्म्याहून अधिक भाग येथे झालेला असतो, म्हणून विश्रांती येथेच घ्यावी.

न्याहारीही येथेच उरकावी. आसपासच्या गल्ल्यांतल्या जुन्या हॉटेलांत सकाळी पातळ भाजी, सुकी भाजी, पाव, बन्स आणि मिरची मिळते. पातळ भाजीबरोबर पोई मागितली तर उत्तम, कारण कोंड्याची ती जाडसर पोई भाजीत भिजूनही विरघळत नाही. पोट भरून खाऊ नये, अजून दोन-अडीच किलोमीटर चालायचे आहे, असे लिहिण्याचा माझा अधिकार मी स्वतःच कधीच गमावला आहे.

चौथा टप्पा : कांपालची उद्याने आणि दुसरी खाडी

पुन्हा नदीकाठी येऊन बेतीच्या फेरीचा धक्का मागे टाकला की पुढे जुन्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत लागते. 1842 मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा हा वारसा. 2004 पासून गोव्यात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा गजबजाट याच आवारात असतो. नोव्हेंबरमध्ये महोत्सवाचे दिवस असतील तर येथे वाट अडवलेली सापडू शकते, तेव्हा रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जावे.

यापुढे कांपाल, आणि वाट एकदम रुंद होते. मोठमोठे वर्षावृक्ष रस्त्यावर छत धरतात, त्यामुळे नऊ वाजताही येथे ऊन टोचत नाही. कांपालच्या बागेत फ्रान्सिस्को लुईस गोमिश (1829-1869) यांचा पुतळा आहे. वैद्य, पोर्तुगालच्या संसदेतील गोव्याचे प्रतिनिधी आणि कादंबरीकार अशी त्यांची ओळख. ज्यांना पाटोपासून चालणे शक्य नाही, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरची मंडळी, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले ज्येष्ठ किंवा अगदी लहान मुले, त्यांनी सरळ येथूनच सुरुवात करावी. कांपाल ते मिरामार हा तुकडा सर्वांत सपाट आणि मोकळा आहे.

चार्ल्स कोरिया यांनी रचलेली, 1983 मध्ये पूर्ण झालेली कला अकादमीची वास्तू नदीकाठीच आहे. दीनानाथ मंगेशकर कलामंदिर हे तिच्यातले नाट्यगृह. मराठी नाटकाला आलेला प्रेक्षक सहसा समोरून येतो आणि समोरून जातो; मागची, नदीकडची बाजू त्याने पाहिलेलीच नसते.

या परिसरातच सांतिनेजची खाडी मांडवीला मिळते. ताळगावच्या बाजूने येऊन, सांतिनेजच्या वस्तीतून वळणे घेत ती येथे पोहोचते. एकेकाळी हिच्यात होड्या चालत. नंतर वर्षानुवर्षे शहराचे सांडपाणी हिच्यात सोडले गेले आणि तिला लोक सरळ नाला म्हणू लागले. खरे सांगायचे तर सुकतीच्या वेळी मुखाशी वास येतो. तरीही येथे थांबावे, कारण ओरेमच्या खाडीकाठी तासा-दीड तासापूर्वी पाहिलेले पाणी आता कोठे पोहोचले आहे ते येथे ताडून पाहता येते. सुकतीला निघाला असाल तर एव्हाना भरती लागलेली असते, आणि मांडवीचे पाणी चिखलावरून बोटभर जाडीच्या थराने आत सरकताना दिसते. मुखाशी बगळे याच वेळी रांग धरून उभे असतात, कारण पाण्याबरोबर लहान मासेही आत येतात.

बाजूच्या बालोद्यानात मुलांना सोडले तर मोठ्यांना अर्धा तास मोकळा मिळतो. पुढची मैदाने आणि आर्ट पार्क चालत ओलांडून मिरामारकडे जावे. हा तुकडा सरळ आहे आणि त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. सुरूची झाडे दिसू लागली की मिरामार आले.

शेवट आणि परत जाणे

मिरामारला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी आहे. 1966-67 मधले काही महिने सोडले तर 1963 पासून 1973 मध्ये निधन होईपर्यंत ते त्या पदावर होते, आणि आपण ज्या रस्त्याने आलो त्याला त्यांचेच नाव आहे. समाधीच्या परिसरात सावलीत बसून पाणी प्यावे. समुद्रात उतरण्याचा मोह येथे टाळावा, कारण हे मांडवीचे मुख आहे आणि सुकतीच्या वेळी नदीची ओढ बाहेरच्या दिशेने असते. पोहता येणारेही त्यात फसतात.

मिरामारच्या चौकातून कदंब बसस्थानकाकडे परत जाणाऱ्या बस दिवसभर मिळतात. गाडी पाटोला लावली असेल तर बसनेच परत जावे, उन्हात उलट चालत जाण्यात शहाणपण नाही. बसमध्ये उजव्या बाजूची खिडकी घेतली तर बागा दिसतात, डाव्या बाजूची घेतली तर नदी. पाटोला उतरल्यावर पादचारी पुलावर पुन्हा एकदा जावे. सकाळी जेथे निवट्या उड्या मारत होत्या तेथे आता पाणी चढत असते, आणि तिवराच्या पेन्सिलींची टोके तेवढी वर राहिलेली असतात.